मानेचा पहिला मणका बसवला आणि पोट सुधारलं: कायरोप्रॅक्टिकचा अनुभव आहे का कुणाला?

मनीषनगरची | ३ जुलै, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आता विचारावंच लागतंय.

वय ४४, बँकेत नोकरी, दिवसभर काँप्युटर. मागच्या दिवाळीपासून उजवीकडून मान धरते, कधी कधी ठणका डोक्याच्या मागे जातो. त्याच सुमारास पोटाचंही सुरू झालं. जेवून उठले की अर्ध्या तासात पोट टम्म, करपट ढेकरा, पहाटे चारला छातीत जळजळ होऊन जाग. पॅन्टोप्राझोल, म्हणजे ॲसिडिटीची गोळी, घेतली की चार दिवस बरं, सोडली की पुन्हा तेच. सावजी तर कधीच बंद केलं, आता वडाभातही झेपेना. नागपुरात राहून हे म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा.

ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून मे महिन्यात वर्धा रोडकडे एका कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने मणके दाबून-हलवून उपचार करणाऱ्याकडे, गेले. गेले होते मानेसाठी. त्यांनी एक्स-रे बघून सांगितलं की मानेचा सगळ्यात वरचा मणका, ॲटलास, दोन मिलिमीटर उजवीकडे सरकलाय, त्याचा दाब मेंदूतून पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हवर येतोय आणि तुमच्या पोटाचं मूळ तिथे आहे. बारा सिटिंगचं पॅकेज, अठरा हजार. मी पैसे भरले. (नवऱ्याला अर्धाच आकडा सांगितलाय, तो इथे नाही म्हणून लिहितेय.)

माणूस फार चांगला आहे. पहिल्या दिवशी पाऊण तास नुसतं ऐकून घेतलं. रात्रीचं जेवण आठच्या आत घ्या, जेवून लगेच आडवं होऊ नका, पेनकिलर बंद करा, रोज वीस मिनिटं चाला, असं सगळं लिहून दिलं. मग मान हलकेच वळवून एक झटका. कट्ट असा आवाज येतो, सुरुवातीला घाबरले होते.

पाच सिटिंग झाल्या. मान थोडी मोकळी वाटते, पण पोट निदान साठ टक्के सुधारलंय! दोन आठवडे पहाटे जाग आलेली नाही. घरी कोणी विश्वास ठेवत नाही. कुणाला असा अनुभव आहे का? उरलेल्या सात घ्याव्यात का? आणि सासूबाईंनाही न्यावं म्हणतेय. त्या ७१ वर्षांच्या आहेत, जुना संधिवात आहे, मान दुखते आणि बद्धकोष्ठ कायमचंच.

तर्रीपोहे | ३ जुलै, रात्री १०:३१

मान मोडून पोट बरं होत असन तर आमच्या गोकुळपेठेतल्या सलूनवाल्याले एमडी देऊन टाका ना बाप्पा. दाढी करते, चंपी करते अन् जाता जाता दोन्हीकडून कटकट मान मोडून देते. अठरा हजारात तं मी जलमभर दाढी करीन.

फिजिओताई | ३ जुलै, रात्री ११:०५

तर्रीपोहे, विनोद कळला, पण ते सलूनमधलं मान मोडणं खरंच बंद करा. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात. सहाव्या मणक्यापासून वर पहिल्यापर्यंत त्या भोकांमधून व्हर्टिब्रल धमनी मेंदूकडे जाते. पहिल्या मणक्यापाशी तर ती चक्क आडवं वळण घेते. मान झटक्याने फिरवली तर कधी कधी तिच्या आतल्या अस्तराला चीर जाते, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा माणूस बहुधा तरुण असतो. पार्लरमध्ये केस धुताना मान मागे टाकून बसल्यावर झालेल्या अशा पक्षाघातांचं वर्णन १९९३ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१४ मध्ये मानेच्या मॅनिप्युलेशनबद्दल, म्हणजे मान अशी हाताने फिरवण्याबद्दल, निवेदन काढलं. त्यात कारण म्हणून ठाम शिक्का मारलेला नाही, पण संबंध दिसतो आणि पेशंटला आधी सांगायला हवं, एवढं म्हटलंय.

मनीषनगरची ताई, तुम्हाला त्या सद्गृहस्थांनी हे सांगितलं होतं का?

आणि तो कट्ट आवाज मणका जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात एकदम पोकळी तयार होते, त्याचा असतो. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी एमआरआयमध्ये बोटं मोडताना त्याचं चित्रणच केलं. बोटं मोडल्यावर आपण बोटं जागेवर बसली म्हणत नाही ना?

मनीषनगरची | ३ जुलै, रात्री ११:२०

नाही सांगितलं. एक फॉर्म भरून घेतला होता, मी न वाचताच सही केली.

उंटावरचा शहाणा | ४ जुलै, सकाळी ७:४८

या प्रकाराचा इतिहास फार मजेशीर आहे. १८ सप्टेंबर १८९५, अमेरिकेत आयोवा राज्यातलं डेव्हनपोर्ट गाव. डी. डी. पामर नावाचे गृहस्थ तिथे चुंबकचिकित्सा करायचे. त्यांनी हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका ढकलला आणि त्याचं बहिरेपण गेलं, असा दावा केला. कान आणि पाठ! कानाची नर्व्ह मेंदूतून सरळ कानात जाते, पाठीच्या वाटेला जातच नाही. पण पामरांनी त्यावर पूर्ण शास्त्र उभारलं: मणका किंचित सरकतो, त्याला म्हणायचं सबलक्सेशन, आणि बहुतेक सगळे रोग त्यातून.

पुढे मुलगा बी. जे. पामर. त्याने १९३० च्या दशकात मत मांडलं की बाकी मणके सोडा, वरचे दोन नीट केले की पुरे. ताईंचा ॲटलास तिथून आलाय.

आता घरचा अहेर बघा. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी अधिकृत परिषद आहे. तिने २०१० मध्ये स्वतःच जाहीर केलं की सबलक्सेशन ही ऐतिहासिक कल्पना आहे, त्यामुळे रोग होतो याला पुरावा नाही. त्याच्या दोन वर्षं आधी सायमन सिंग या विज्ञानलेखकाने लिहिलं होतं की लहान बाळांचा पोटशूळ मणके दाबून बरा होतो या दाव्याला पुरावा नाही. त्याच्यावर तिथल्या कायरोप्रॅक्टर संघटनेने अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. एप्रिल २०१० मध्ये संघटनेने तो मागे घेतला. भांडण पोटावरूनच होतं, म्हणून आठवलं.

संत्र्याची फोड | ४ जुलै, सकाळी ९:१५

इथे नेहमीचं सुरू झालं. ज्याने कधी घेतलं नाही त्याने आधी हसायचं. माझ्या मिस्टरांची चक्कर आणि पोट साफ न होणं दोन्ही आठ सिटिंगमध्ये गेलं. आधी तीन डॉक्टर झाले, तिघांनीही चार मिनिटांत ॲसिडिटीची गोळी लिहून बाहेर काढलं. एकाने तर मान वर करून पाहिलंही नाही.

आणि व्हेगस नर्व्ह काही कायरोवाल्यांनी शोधलेली नाही, पोट आणि मेंदू तिने जोडलेत हे सगळं जग मानतं. २००७ मध्ये ५० ब्लडप्रेशरच्या पेशंटवर ॲटलासचा प्रयोग झाला होता, प्रेशर उतरलं. मग पोट का नाही?

ताई, तुम्हाला फरक पडतोय ना? मग लोकांचं ऐकू नका.

निशाचर | ४ जुलै, पहाटेची ड्युटी संपवून, सकाळी ९:५०

रात्रपाळी करून आलोय, झोपायच्या आधी लिहून टाकतो, कारण एक गोष्ट थांबवायला हवी.

ताई, सासूबाईंना नेऊ नका. आधी हे वाचा. त्यांचा जुना संधिवात म्हणजे नेमका कोणता? बोटांचे सांधे सुजणारा, सकाळी तासभर हात आखडणारा, रुमेटॉइड असेल तर हा आजार मानेतले वरचे दोन मणके धरून ठेवणारा बंध सैल करू शकतो. दुसऱ्या मणक्याला वर दातासारखं एक टोक असतं, पहिला मणका त्याभोवती फिरतो. मान वळवण्याची जवळपास अर्धी हालचाल या एका जोडावर होते. तो बंध सैल असताना झटका दिला तर ते टोक सरळ मज्जारज्जूवर. वाकवून आणि ताठ करून मानेचे एक्स-रे काढल्याशिवाय अशा मानेला कुणी हात लावायचा नाही. मेडिकल कॉलेजला, मेयोला, मिहानच्या एम्सला, ज्या सरकारी इस्पितळात सोयीचं असेल तिथे हाडांच्या ओपीडीत दाखवा.

आणि मानदुखी असलेल्या माणसाला नव्याने बद्धकोष्ठ, लघवी रोखता न येणं, चालताना तोल जाणं, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं, असं काही होत असेल तर मान आणि पोटाचा संबंध खरंच आहे, पण तो मज्जारज्जू दाबला जाण्याचा. तिथे एमआरआय लागतो, पॅकेज नाही.

व्हेगसबद्दल. संत्र्याची फोड ताई, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पोट आणि मेंदूचं बोलणं तिच्यावरून चालतं. लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटका. पण हा भटका मणक्यांच्या फटीतून बाहेर पडतच नाही. ती मेंदूतून निघणारी दहावी नर्व्ह. कवटीच्या तळाशी एक भोक आहे, तिथून बाहेर येते आणि गळ्यात कॅरोटिड धमनी आणि मोठ्या शिरेसोबत एकाच म्यानातून मणक्यांच्या पुढच्या बाजूने खाली उतरते. छातीतून अन्ननलिकेच्या सोबतीने पोटात, मग जठर, लहान आतडं आणि मोठ्या आतड्याच्या आडव्या भागापर्यंत. पुढच्या टोकाला, जिथे बद्धकोष्ठाचा बराच खेळ असतो, तिथे कमरेखालच्या वेगळ्या नर्व्ह आहेत. व्हेगसमधले साधारण ८० टक्के धागे तर उलटे, पोटाची बातमी मेंदूला नेणारे.

आणि समजा वर मानेत ती खरंच दाबली गेली, तर पहिली तक्रार गॅसची नसते. तीच नर्व्ह स्वरयंत्रालाही जाते. आवाज घोगरा होईल, पाणी पिताना ठसका लागेल. ताईंना तसं काही आहे का? नसावं.

दोन मिलिमीटरचं म्हणाल तर, एक्स-रे काढताना डोकं किंचित तिरकं झालं तरी तेवढा फरक दिसतो. २००७ चा तो प्रयोग मी वाचलाय. प्राथमिक होता, ५० जणांचा, आणि पोटाशी त्याचा संबंध नव्हता. २०२१ मध्ये कायरोप्रॅक्टिकच्याच नियतकालिकात मोठा आढावा आला. हाडं-स्नायू सोडून बाकी आजारांवर मणके हलवण्याचा उपयोग होतो का, याचा. उत्तर नकारार्थी होतं. कंबरदुखीसाठी मात्र अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या २०१७ च्या मार्गदर्शनात हे उपाय आहेत, ते मी नाकारत नाही.

मला उत्सुकता वेगळीच आहे. ताई, कोणती पेनकिलर होती आणि किती दिवस?

आजीचा बटवा | ४ जुलै, दुपारी १:२२

मले हे सगळं वाचून आमच्या आजीची आठवण झाली. उमरेडकडचं माहेर. पोट बिघडलं, हगवण लागली, की आजी म्हणायची, बेंबी सरकली पोराची. मग उताणं झोपवायचं, बेंबीभोवती तेल लावायचं, नाडी तपासावी तसं बोटानं पाहायचं की ठोका मधोमध लागते की बाजूले. मग पिठाचा दिवा बेंबीवर ठेवून त्यावर पेला पालथा घालायचा. दिवा विझला की पेला पोटाले घट्ट धरून ठेवायचा, कातडी वर ओढल्या जायची. पेला सुटला की आजी जाहीर करायची, बसली जागेवर! अन् खरंच दुसऱ्या दिवशी आम्ही अंगणात धिंगाणा घालायले मोकळे. फक्त त्या दिवशी मऊ भात अन् ताकाशिवाय काही मिळायचं नाही, हेही सांगतो.

पामर साहेबाले अन् आमच्या आजीले एकत्र बसवायले पाहिजे होतं. दोघांचंही म्हणणं एकच, काहीतरी सरकलं, ते बसवलं की पोट बसते. माणसाले ते ऐकायले बरं वाटते. रोग आहे म्हटलं की भीती, सरकलं म्हटलं की आत्ता बसवून टाकू.

आजीनं कधी पॅकेज नाही विकलं पण.

मनीषनगरची | ४ जुलै, रात्री ९:३७

निशाचर, मनापासून धन्यवाद. सासूबाईंचा संधिवात रुमेटॉइडच आहे, फाइल काढून पाहिली. नवऱ्यालाही दाखवली. (फाइल. पावती नाही.) सोमवारी हाडांच्या डॉक्टरांकडे नेतोय. बटणांचं वाचून मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, ब्लाउजचे हुक आता नीट लागत नाहीत, पण मला वाटलं बोटं दुखतात म्हणून.

माझी पेनकिलर: ॲसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी. दिवाळीनंतर डॉक्टरांनी पाच दिवस लिहून दिली होती. मग मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणत राहिले. सकाळ-संध्याकाळ, सकाळची बऱ्याचदा चहावरच. मेपर्यंत. म्हणजे सहा महिने झाले की. पण पोटासाठी पॅन्टोप्राझोल घेतच होते ना?

निशाचर | ५ जुलै, सकाळी ८:०५

हीच शंका होती.

जठराच्या आतल्या भिंतीवर शेवाळासारखा एक बुळबुळीत थर असतो, ॲसिडपासून वाचवणारा. तो सांभाळायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन बनवतं. ही गोळी दुखणं कमी करते ते तेच रसायन अडवून, आणि अडवताना मान कुठली आणि जठर कुठलं असा भेद ती फारसा करत नाही. पॅन्टोप्राझोल सोबत घेतल्याने संरक्षण मिळतं, पण तुम्ही ती मध्ये मध्ये सोडत होतात.

म्हणजे मानेचा आणि पोटाचा संबंध तुमच्या बाबतीत आहेच. तो मणक्यातून जात नाही, गोळीच्या पाकिटातून जातो. कायरोप्रॅक्टरने गोळी बंद करायला सांगितली, रात्रीचं जेवण आठच्या आत आणलं, जेवून झोपणं बंद केलं. पहाटेची जळजळ थांबायला एवढं पुरतं. झटका नसता दिला तरी पोट सुधारलं असतं, असं माझं मत आहे.

संत्र्याची फोड | ५ जुलै, सकाळी ११:४०

म्हणजे श्रेय गोळी बंद केल्याचं, आणि गोळी बंद करायला सांगणारा कोण? तो कायरोवालाच ना! सहा महिन्यांत दुसऱ्या कुणी विचारलं होतं का ताईंना, काय काय घेता म्हणून?

निशाचर | ५ जुलै, दुपारी १२:१५

नव्हतं विचारलं, आणि ही आम्हा डॉक्टरांची चूक आहे. मान्य. ओपीडीत दीडशे पेशंट समोर असतात हे कारण आहे, सबब नाही.

उंटावरचा शहाणा | ५ जुलै, दुपारी ४:३०

संत्र्याची फोड यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हार्वर्डच्या टेड कॅपचुक यांनी २००८ मध्ये आतड्याच्या तक्रारी असलेल्या, म्हणजे आयबीएसच्या, २६२ पेशंटचे तीन गट केले. एका गटाला काहीच नाही, नुसतं थांबायला सांगितलं. दुसऱ्याला खोटं ॲक्युपंक्चर, सुई टोचतच नाही असं, आणि बोलणं मोजकंच. तिसऱ्याला तेच खोटं ॲक्युपंक्चर, पण सोबत आस्थेने पाऊण तास विचारपूस. पुरेसा आराम पडला म्हणणारे अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के. सुई तिघांनाही टोचली नव्हती!

ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये काय लिहिलंय? पाऊण तास नुसतं ऐकून घेतलं.

दोन वर्षांनी याच माणसाने ८० जणांवर आणखी गंमत केली. अर्ध्यांना स्पष्ट सांगून साखरेसारखी पोकळ गोळी दिली, हिच्यात औषध नाही म्हणून. तरी ५९ टक्क्यांना आराम, नुसत्या भेटी झालेल्यांत ३५ टक्क्यांना. पोट हा अवयव ऐकून घेतलेलं लक्षात ठेवतो बहुतेक.

तर्रीपोहे | ५ जुलै, सायंकाळी ६:०२

मंग मी बी उघडतो दुकान. ऐकून घ्याचे तीनशे. मान मोडाचे वेगळे. सल्ला फुकट, कारण सल्ल्याले नागपुरात कोणी पैसे देत नाही.

फिजिओताई | ५ जुलै, रात्री १०:१०

मानेपुरतं सांगते, कारण मूळ दुखणं तिथेच आहे आणि ते सोडून सगळे पोटात शिरलेत. स्क्रीन डोळ्यांच्या उंचीवर आणा. बँकेत ते जमत नसेल तर खाली जुनी लेजर ठेवा, पुष्कळ पडलेली असतात. दर अर्ध्या तासाला उठा. हनुवटी मागे घेऊन मानेच्या पुढच्या खोल स्नायूंचे व्यायाम असतात, ते एकदा कुणाकडून समोरासमोर शिकून घ्या, व्हिडिओ बघून नको. सहा ते आठ आठवडे लागतात आणि ते कंटाळवाणे असतात.

डोक्याच्या मागे ठणका आणि सोबत मळमळ असेल तर मायग्रेनही बघून घ्या. मायग्रेनमध्ये मानही धरते आणि जठरही सुस्तावतं. लोक त्याला हमखास मानेमुळे पोट बिघडलं म्हणतात.

आणखी एक, ढेकरांसाठी. जेवणानंतर ताठ बसून पोटाने श्वास घ्यायचा, छाती हलवायची नाही, दहा मिनिटं. ॲसिड वर येणं कमी होतं, यावर बरे प्रयोग झालेत. फुकट आहे म्हणून कुणी करत नाही.

मनीषनगरची | १९ ऑगस्ट, रात्री ९:५५

धागा वर काढतेय, कारण तीन जणांनी निरोप पाठवून विचारलं.

आधी सासूबाई. एक्स-रेमध्ये वरचे दोन मणके खरंच सैल निघाले, नंतर एमआरआय झाला. सध्या मानेला पट्टा आहे आणि न्यूरोसर्जनच्या फेऱ्या चालू आहेत, ऑपरेशन करायचं की नाही ते पुढच्या महिन्यात ठरेल. डॉक्टरांनी विचारलं, कुणाकडून मान ओढून-वळवून घेतली नाही ना? मी तिथेच बसले होते. नाही म्हणाले आणि मग बाहेर येऊन खुर्चीत बसले थोडा वेळ.

माझं: दुर्बीण टाकून तपासणी झाली. जठराच्या खालच्या भागात ओरखड्यांसारख्या जखमा, बऱ्या होत आलेल्या. शिवाय एच. पायलोरी हा जठरात राहणारा जंतू निघाला, त्याचा चौदा दिवसांचा अँटिबायोटिक कोर्स झाला. तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव होती ते चौदा दिवस. म्हणजे गोळी आणि जंतू दोघंही मिळून खात होते मला. आता जळजळ नाही. पोट फुगणं अजून आहे, अर्ध्याहून कमी. दुधाचा चहा कमी केला की आणखी कमी होतं, पण तो पूर्ण सोडायची माझी तयारी नाही.

उरलेल्या सात सिटिंगचे पैसे मागितले. परत मिळाले नाहीत, पण मानेचा झटका नको, फक्त खांद्याचा मसाज आणि व्यायाम करून घ्या म्हटल्यावर ते तयार झाले. सासूबाईंचं सांगितलं तर गप्प बसले. नंतर म्हणाले, संधिवाताचं मी आता प्रत्येकाला विचारीन. त्यांच्याबद्दल मला राग येत नाही, हे लिहिलंच पाहिजे. सहा महिन्यांत माझी गोळी बंद करणारा तो एकटाच होता.

आजीचा बटवा | १९ ऑगस्ट, रात्री १०:२०

सासूबाईंले लवकर बरं वाटो. तो हुकाचा प्रश्न विचारला नसता तं कोणाच्या ध्यानात आलं असतं?

निशाचर | २० ऑगस्ट, सकाळी ८:३०

कोर्स संपून चार आठवडे झाले की जंतू गेला का हे तपासून घ्या, शौचाची किंवा श्वासाची टेस्ट असते. पॅन्टोप्राझोल त्याआधी दोन आठवडे बंद हवी, नाहीतर खोटी निगेटिव्ह येते. आणि मान दुखली तर मेडिकलवाल्याकडे थेट जाऊ नका, एवढं करा.

तर्रीपोहे | २० ऑगस्ट, सकाळी ९:०१

ते सगळं ठीक आहे ताई. तर्री चालते का आता?

मनीषनगरची | २० ऑगस्ट, सकाळी ९:१४

अर्धी वाटी. फक्त रविवारी सकाळी. आणि पोह्यांवर, नुसती नाही.